मधला मुक्काम

नगरच्या एका जुन्या ख्रिस्ती दफनभूमीत फिरताना शिळांवर दोन वाक्यं आलटून-पालटून भेटतात. एकीवर 'प्रभूमध्ये निजले', शेजारच्या शिळेवर 'प्रभूच्या घरी गेले'. अक्षरं एकाच पाथरवटाची वाटावीत इतकी सारखी, काळही साधारण तोच. पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोन्ही वाक्यं म्हणजे 'वारले' म्हणायची सभ्य रीत, एवढंच समजून मी पुढे गेलो. त्यांचं आपसांत पटत नाही, हे पुष्कळ उशिरा लक्षात आलं. निजलेला माणूस अजून इथंच आहे आणि त्याला कुणीतरी उठवणार आहे. घरी गेलेला पोचलासुद्धा. त्याला उठवायचं कारणच उरत नाही.

मेल्यावर काय होतं याबद्दल ख्रिस्ती माणसं काय मानतात, असं विचारलं तर बहुतेकांना, अगदी बहुतेक ख्रिस्ती माणसांनाही, एकच उत्तर सुचतं. आत्मा देहातून निघतो आणि स्वर्गात नाहीतर नरकात जातो. हे उत्तर चूक नाही, पण अर्धं आहे. उपासनेत जो मतांगीकार म्हटला जातो, त्यात आत्मा स्वर्गात जातो असा शब्दही नाही. ख्रिस्त जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला परत येईल, मेलेले उठतील आणि पुढचं जीवन सार्वकालिक असेल, एवढंच त्यात आहे.

म्हणजे तारखा दोन. एक ज्याची त्याची, दवाखान्यातली किंवा घरातल्या खाटेवरची. दुसरी सगळ्यांची एकच, जगाच्या अखेरची. पहिल्या ख्रिस्ती पिढीला वाटलं होतं की या दोन तारखांमध्ये फार तर काही वर्षं जातील. तो काळ लांबत लांबत दोन हजार वर्षांवर आला. तेवढ्या वेळात मेलेला माणूस असतो कुठे, त्याला काही कळतं का, मागे राहिलेल्यांना त्याच्यासाठी काही करता येतं का? ख्रिस्ती परलोकविचाराचा जवळजवळ सगळा इतिहास या मधल्या मुक्कामाभोवती फिरतो, असं माझं मत बनत गेलं आहे. स्वर्ग आणि नरक त्यामानाने सरळ विषय आहेत. पंथ फुटले ते मधल्या मुक्कामावरून.

मराठीत हे मांडताना शब्दच आधी आडवे येतात. 'पुनरुत्थान' म्हटलं की मनात 'पुनर्जन्म' डोकावतो, आणि दोहोंचा काडीचा संबंध नाही. पुनर्जन्मात देह बदलतो आणि फेरा चालू राहतो. पुनरुत्थानात तोच माणूस, त्याच नावाने, एकदाच उठतो. इब्री लोकांना लिहिलेल्या पत्रात तर माणसाला मरण एकदा आणि मग न्याय, असं सांगून फेऱ्याला कडीच घातली आहे. 'स्वर्ग' हा शब्दही तसाच फसवा. आपल्याकडचा स्वर्ग पुण्याची शिल्लक असेपर्यंतचा; शिल्लक सरली की खाली. ख्रिस्ती स्वर्गातून परतीची गाडी सुटत नाही. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने सुमारे अकरा हजार ओव्यांचं 'ख्रिस्तपुराण' रचलं, ते १६१६ मध्ये छापलं गेलं. देवाच्या घराला त्यात त्यांनी बिनदिक्कत 'वैकुंठ' म्हटलं. गोव्याच्या कोंकणीत ख्रिस्ती माणूस नरकाला आजही 'यमकोंड' म्हणतो. नंतरच्या मराठी बायबलने 'अधोलोक', 'सुखलोक', 'नरक' असे निरनिराळे शब्द योजले. वाचणारा ते एकाच मापाने मोजतो आणि तिथेच घोटाळा होतो.

'अधोलोक' हा हिब्रू 'शिओल'चा मराठी शब्द. जुन्या करारातला शिओल ही शिक्षेची जागा नाही. राजा आणि गुलाम, भला आणि बुरा, सगळेच तिथे जातात. तिथे धूळ आहे, अंधार आहे, शांतता आहे. तिथून देवाची स्तुतीसुद्धा होत नाही, अशी तक्रार स्तोत्रकर्ता करतो. एन-दोर गावच्या भूतविद्या जाणणाऱ्या बाईने शौल राजासाठी शमुवेल संदेष्ट्याला वर बोलावलं, तर तो आधी मला का हलवलंस म्हणून कुरकुरतो. झोपमोड झालेल्या म्हाताऱ्यासारखा. मेल्यावर बक्षीस नाही आणि शिक्षाही नाही. देव जे द्यायचं ते इथेच देतो, पोराबाळांच्या, जमिनीच्या, लांब आयुष्याच्या रूपाने.

हा हिशेब इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात फसला. सीरियाहून राज्य करणाऱ्या चौथ्या अँटायोकस राजाने यहुदी धर्माचरणावर बंदी घातली आणि जे धर्माला चिकटून राहिले तेच हाल होऊन मेले. भल्याला लांब आयुष्य मिळतं, हे कुणाला सांगायचं? याच काळातल्या दानीएलाच्या पुस्तकात पहिल्यांदा स्पष्ट म्हटलं गेलं की मातीत निजलेल्यांपैकी पुष्कळ जण जागे होतील, काही जीवनासाठी आणि काही अप्रतिष्ठेसाठी. मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात याच छळात मारल्या गेलेल्या, एका आईच्या सात मुलांची गोष्ट आहे. तिसऱ्या मुलाची पाळी येते तेव्हा तो हात आपणहून पुढे करतो. हे देवाने दिले, देवाकडूनच परत मिळतील, असं सांगतो. पुनरुत्थानाची कल्पना तत्त्वज्ञांच्या ओसरीवर निघालेली नाही, ती वधस्थानावर निघाली. म्हणून तिला नुसता आत्मा पुरत नाही, हात लागतात.

सगळ्या यहुद्यांना ती पटली होती असंही नाही. मंदिराची सत्ता हातात असलेले सदूकी येशूच्या काळातही पुनरुत्थान साफ नाकारत होते. परूशी हा दुसरा यहुदी गट ते मानत होता. या एका मुद्द्यापुरता येशू परूश्यांच्या बाजूचा.

येशूच्या तोंडी नरकासाठी येणारा शब्द आहे 'गेहेन्ना', म्हणजे हिन्नोमचं खोरं. हे खोरं खरोखरचं आहे. जेरुसलेमच्या जुन्या शहराच्या नैर्ऋत्येला ते आहे आणि माणूस त्यातून चालत जाऊ शकतो. कधीकाळी तिथे मोलख दैवतासाठी मुलं आगीत दिली जात, म्हणून ती जागा शापित ठरली. तिथे शहराचा कचरा सतत जळत असे आणि त्यावरून नरकाच्या आगीची कल्पना निघाली, असं प्रवचनांत हमखास ऐकू येतं. गोष्ट रंगतदार आहे, पण तिचा मूळ आधार तेराव्या शतकाच्या आसपासचे रब्बी दाविद किम्ही. येशूच्या काळातला पुरावा नाही. प्रवचनकार ती सोडणार नाहीत, हे मात्र मला पक्कं ठाऊक आहे.

मधल्या मुक्कामाचा प्रश्न पहिल्यांदा पडला तो थेस्सलनीकाच्या मंडळीला. साल साधारण ५०. ख्रिस्त लवकरच परत येणार या भरवशावर ही माणसं बसली होती आणि तेवढ्यात त्यांच्यातली काही मेली. मग मेलेल्यांचं काय? त्यांचा सोहळा हुकला का? पौलाचं उत्तर नव्या करारातल्या सगळ्यांत जुन्या लिखाणांपैकी एक आहे. ते निजले आहेत, तो सांगतो, तुतारी वाजेल तेव्हा आधी तेच उठतील. पुढे करिंथकरांनी विचारलं की कुजलेलं शरीर उठेल तरी कसलं? तिथे पौल शेतकऱ्याचा दाखला देतो. पेरतो ते बी, उगवतं ते रोप. रोप बीसारखं दिसत नाही, पण बी सोडून दुसऱ्या कशाचं ते नाही. देह टाकून द्यायचा नाही आणि जसाच्या तसा परतही यायचा नाही, या दोन टोकांमधली ही वाट फार अरुंद आहे. पुढची दोन हजार वर्षं माणसं तिच्यावरून एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला घसरत आली.

पण हाच पौल दुसऱ्या एका पत्रात म्हणतो की मरून ख्रिस्ताजवळ जाणं मला जास्त आवडेल. लूकच्या शुभवर्तमानात तर येशू वधस्तंभावरून शेजारच्या चोराला आजच सुखलोकाचं आश्वासन देतो. मग निजणं कुठे गेलं? इथे एका स्वल्पविरामाची गंमत आहे. जुन्या ग्रीक हस्तलिखितांत विरामचिन्हं नव्हती. बहुतेक अनुवाद 'आज' हा शब्द सुखलोकाशी जोडतात, म्हणजे चोर त्याच दिवशी पोचला. यहोवाचे साक्षीदार आणि सेवन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट तो 'सांगतो' या क्रियापदाशी जोडतात, म्हणजे सांगणं आजचं आणि पोचणं पुढे केव्हातरी. नगरच्या दोन शिळांमधलं अंतर म्हणजे हा स्वल्पविराम.

आता दफनापाशी उभ्या असलेल्या माणसांकडे येऊ. सिद्धांत काहीही असो, मेलेल्यासाठी प्रार्थना करणं ख्रिस्ती लोकांनी फार लवकर सुरू केलं. संत ऑगस्टीनची आई मोनिका ३८७ मध्ये रोमजवळच्या ओस्तिया बंदरात वारली. आफ्रिकेतल्या आपल्या गावी नवऱ्याशेजारी पुरलं जावं, ही तिची जुनी हौस. शेवटी मात्र तिने मुलांना सांगितलं की देह कुठेही ठेवा, वेदीपाशी माझी आठवण तेवढी काढा. दोनशे वर्षांनी पोप पहिला ग्रेगरी एका साधूची गोष्ट सांगतो. त्याचं नाव जुस्तुस. मठात कुणाच्याही मालकीचं काही नसायचं, याने तीन सोन्याची नाणी लपवली होती. तो मेल्यावर ग्रेगरीने नाण्यांसकट त्याला उकिरड्यात पुरायला लावलं आणि मग दया येऊन तीस दिवस रोज त्याच्यासाठी मिस्सा, म्हणजे वेदीवरची प्रभुभोजनाची उपासना, करवली. तिसाव्या दिवशी जुस्तुस आपल्या भावाच्या स्वप्नात आला आणि आता मी बरा आहे, असं सांगून गेला. ओळीने तीस मिस्सांना आजही ग्रेगरीचं नाव आहे.

पुढे क्लूनीच्या मठाचा प्रमुख ओदिलो, मृत्यू १०४९, याने २ नोव्हेंबर हा सगळ्या मृतांच्या स्मरणाचा दिवस ठरवला. या सगळ्यात एक गोष्ट गृहीत आहे. आपल्या प्रार्थनेने मेलेल्याला काही फरक पडतो. स्वर्गात पोचलेल्याला तिची गरज नाही, नरकात पडलेल्याला तिचा उपयोग नाही. म्हणजे तिसरी कुठलीतरी अवस्था असणार. फ्रेंच इतिहासकार झाक ल गॉफ यांनी १९८१ च्या गाजलेल्या ग्रंथात दाखवलं की या तिसऱ्या जागेसाठी, म्हणजे शुद्धिस्थानासाठी, लॅटिनमधलं नाम ११७० ते ८० च्या दशकात वापरात आलं. त्याआधी शुद्ध करणारा अग्नी होता, शुद्ध करणाऱ्या यातना होत्या. आता त्यांची एक जागा झाली. ल गॉफ यांच्यावर टीका करणारे म्हणतात की नाम उशिरा आलं म्हणून कल्पना उशिराची ठरत नाही. ते मला पटतं. मोनिकाने व्याकरणाची वाट पाहिली नव्हती.

मधला मुक्काम किती अडचणीचा, हे खुद्द एका पोपनेच दाखवून दिलं. बाविसावा जॉन फ्रान्समधल्या आविन्योंहून कारभार पाहत होता. वय ऐंशीच्या पुढे. १३३१ च्या सर्व संतांच्या सणाला त्याने प्रवचनात सांगितलं की संतांच्या आत्म्यांना अजून देवाचं प्रत्यक्ष दर्शन झालेलं नाही, ते शेवटच्या न्यायानंतर होईल. पुढच्या प्रवचनांत त्याने आणखी पुढे जाऊन पापीही अजून नरकात गेलेले नाहीत असं सुचवलं. तर्काने बघितलं तर म्हातारा जुन्या वाटेवरच होता. न्याय शेवटी आहे, तर निकाल आधी कसा लागेल? पण लोकांच्या श्रद्धेचा सगळा डोलारा दुसऱ्या खांबावर उभा होता. संत अजून देवापाशी पोचलेच नसतील, तर त्यांच्याकडे मध्यस्थीचं साकडं कसलं घालायचं? पॅरिसचे धर्मपंडित खवळले, फ्रान्सच्या राजाने दबाव आणला. विरोधात बोलणाऱ्या थॉमस वॅलिस या इंग्रज डॉमिनिकनाला तुरुंगात जावं लागलं. अखेर डिसेंबर १३३४ मध्ये मरणाच्या आदल्या दिवशी पोपने आपलं म्हणणं मागे घेतलं. त्याचा वारस बारावा बेनेडिक्ट याने जानेवारी १३३६ मध्ये निर्णय दिला. शुद्ध आत्म्याला मेल्याबरोबर दर्शन, ज्याचं शुद्ध व्हायचं राहिलं त्याला शुद्धीनंतर, आणि मोठं पाप घेऊन मेलेला तत्काळ नरकात. शेवटचा न्याय आहे तो आहेच. कॅथलिक शिकवण तेव्हापासून तिथेच आहे.

मग दोनदा न्याय कशाला, हा प्रश्न उरतो. मेल्यावर ज्याचा त्याचा निवाडा झाला असेल, तर अखेरच्या दिवशी नुसतं निकालपत्र वाचायचं? याला थॉमस अक्वायनसने दिलेलं उत्तर या सगळ्या चर्चेतलं मला सगळ्यांत आवडलेलं आहे. तो म्हणतो, माणूस मेला तरी त्याचं खातं बंद होत नाही. तो लोकांच्या आठवणीत राहतो, पोरांत राहतो, लिहिलेल्या-शिकवलेल्या गोष्टींत राहतो. लबाडाची शिकवण पिढ्यान्‌पिढ्या माणसं नासवते आणि भल्याची पेरणी उशिरा उगवते. या सगळ्याचा जमाखर्च काळ संपल्याशिवाय जुळत नाही. एकाचा न्याय दुसऱ्यांपासून सोडवून करता येत नाही, हे तेराव्या शतकातल्या साधूला दिसलं होतं.

इटालियन कवी दांतेने शुद्धिस्थानाचा डोंगर उभा केला, जेरुसलेमच्या बरोबर उलट्या बाजूला, समुद्रात, सात पायऱ्यांचा. त्याच्या नरकात पोप आहेत आणि स्वर्गात ट्राजन हा मूर्तिपूजक रोमन सम्राट आहे. लोक त्याचा नरकच वाचतात आणि पुस्तक ठेवून देतात. डोंगर चढणारी माणसं जास्त ओळखीची आहेत. ती दमतात, गातात आणि मागे राहिलेल्या घरच्यांना प्रार्थनेचे निरोप धाडतात.

कल्पना इतकी घरगुती झाली की तिचा बाजार व्हायला वेळ लागला नाही. पापाची क्षमा झाली तरी भोग उरतो, तो चर्चच्या अधिकाराने कमी करता येतो. तो मेलेल्यांच्या नावानेही कमी करता येतो. आणि त्यासाठी दान द्यावं. योहान टेट्झेल हा क्षमापत्रं विकत जर्मनीत फिरत होता, त्यावरून ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी मार्टिन ल्यूथरने आपले ९५ मुद्दे मांडले. त्या दिवशी ल्यूथरने शुद्धिस्थान नाकारलेलं नव्हतं, हे विसरलं जातं. ते काही वर्षांनी. एकदा ते नाकारल्यावर मधला मुक्काम पुन्हा मोकळा पडला. ल्यूथर स्वतः झोपेच्या कल्पनेकडे झुकलेला. आपण निजून राहू आणि ख्रिस्त येऊन थडग्यावर टकटक करील, असं तो बोलून जायचा. कॅल्व्हिन या दुसऱ्या सुधारकाला हे अजिबात मान्य नव्हतं. त्याचं धर्मशास्त्रावरचं पहिलं पुस्तक, १५३४ मध्ये लिहिलेलं आणि १५४२ मध्ये छापलेलं, आत्मा झोपतो म्हणणाऱ्यांविरुद्धच आहे. सतराव्या शतकात प्रॉटेस्टंटांच्या वेस्टमिन्स्टर मतांगीकाराने कायमचं कुलूप लावलं. जागा दोनच, स्वर्ग आणि नरक, शास्त्राला तिसरी ठाऊक नाही.

मेलेल्यांसाठी प्रार्थना करण्याचा बायबलमधला सगळ्यांत उघड आधार पुन्हा मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकातच आहे. लढाईत पडलेल्या सैनिकांच्या अंगरख्याखाली मूर्तींचे ताईत सापडले, तेव्हा यहूदा मक्काबीने वर्गणी जमवून त्यांच्या पापासाठीच्या बलीकरता ती जेरुसलेमला पाठवली. प्रॉटेस्टंटांनी हे पुस्तक शास्त्रात धरलंच नाही. त्यामुळे वाद मिटला नाही, दोन्ही बाजूंचा ग्रंथच वेगळा झाला.

आपल्याकडे हा युरोपातला तंटा दोन वेगळ्या बोटींतून उतरला. वसई-गोव्याकडे पोर्तुगिजांबरोबर कॅथलिक परंपरा आली; मुंबईत १८१३ मध्ये आणि नगरला १८३१ मध्ये प्रॉटेस्टंट अमेरिकन मराठी मिशन आलं. म्हणून वसईत २ नोव्हेंबरच्या संध्याकाळी सिमेटरीत पाय ठेवायला जागा नसते. आदल्या दिवशीच गवत काढलेलं, क्रूसांना चुना लावलेला, प्रत्येक थडग्यावर झेंडूच्या माळा, आणि अंधार पडायच्या सुमाराला मेणबत्त्यांमुळे सगळी जागा खालून उजळलेली. धर्मगुरू पवित्र पाण्याचा शिडकावा करत रांगांमधून जातात. पोरं वितळलेल्या मेणाचे गोळे करत बसतात. सातव्या दिवसाची मिस्सा, महिन्याची, वर्षाची. शेजारच्या हिंदू घरात दहावं-तेरावं करणाऱ्यांना हे सगळं अगदी समजतं, जरी श्राद्धात पितरांना अन्न पोचतं आणि इथे फक्त विनवणी पोचते. नगरकडच्या मंडळीत यातलं काही नाही. तिथे स्मरणाची उपासना असते, गीतं होतात, गेलेल्याबद्दल देवाचे आभार मानतात आणि पाळक उरलेल्यांसाठी सांत्वन मागतात. गेलेल्यासाठी काही मागत नाहीत. माझ्या ओळखीच्या एका प्रॉटेस्टंट घरातल्या सुनेने, ती वसईची, सासऱ्यांसाठी माहेरच्या चर्चमध्ये गुपचूप मिस्सा सांगितली होती. सासूबाईंना ते कळलं. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या वर्षी त्यांनी फक्त विचारलं, "यंदा सांगितलीस का गं?"

पूर्वेच्या ऑर्थोडॉक्स चर्चने तिसराच मार्ग धरला. त्यांना मेलेल्यांसाठी प्रार्थना हवी आहे, पण शुद्धिस्थानाचा अग्नी, मुदती, भोगाचा हिशेब, हे काही नको. १४३९ मध्ये फ्लॉरेन्सच्या परिषदेत कॉन्स्टँटिनोपलवरच्या तुर्की संकटापायी त्यांच्या प्रतिनिधींनी रोमच्या मसुद्यावर सह्या केल्या. एफेससच्या मार्कने केली नाही, आणि घरी परतल्यावर लोकांनी मार्कचंच ऐकलं. ते तिसऱ्या, नवव्या आणि चाळिसाव्या दिवशी स्मरण करतात आणि उकडलेल्या गव्हाचा गोड पदार्थ वाटतात, कोलिवा. गहू का, हे पौलाचा बीचा दाखला आठवला की सांगावं लागत नाही. इस्तंबूलच्या जुन्या खोरा चर्चमध्ये, आता ती मशीद आहे, चौदाव्या शतकाच्या सुरुवातीचं एक भित्तिचित्र आहे. पांढऱ्या वस्त्रातला ख्रिस्त अधोलोकात उतरलाय. एका हाताने आदामला, दुसऱ्याने हव्वेला त्यांच्या थडग्यांतून ओढून काढतोय. पायाखाली मोडलेली दारं, कड्या, कुलपं विखुरलेली. त्याने त्यांचे तळहात धरलेले नाहीत, मनगटं धरली आहेत. बुडणाऱ्याला आपण असंच धरतो. त्याच्या पकडीवर विसंबत नाही.

न्यायाबद्दल आणखी एक पेच आहे आणि तो मला प्रॉटेस्टंट मित्रांपुढे नेहमी काढावासा वाटतो. तारण श्रद्धेने, कर्माने नाही, हा त्यांचा कणा. पण मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात शेवटच्या न्यायाचं जे सविस्तर दृश्य आहे, त्यात न्यायाधीश कुणालाही काय मानत होतास असं विचारत नाही. भुकेल्याला खायला दिलंस का, परक्याला घरात घेतलंस का, तुरुंगात भेटायला गेलास का, एवढंच. उजवीकडच्यांना आपण असं कधी केलं ते आठवतही नाही. डावीकडचेही तितकेच चकित होतात. खरी श्रद्धा कर्मात दिसतेच, असं उत्तर मिळतं. ते उत्तर बरोबर असेलही, पण त्या दृश्याचा धक्का त्याने कमी होत नाही.

राहिला नरक. तो कायमचा आहे का? तिसऱ्या शतकातल्या अलेक्झांड्रियाच्या ओरिगेनला वाटत होतं की शिक्षा औषधासारखी आहे, आणि अखेरीस सगळं देवाकडे परत येईल. सहाव्या शतकात ही शिकवण निषिद्ध ठरली. ऑगस्टीनने उलट बाजू इतकी पक्की बांधली की पश्चिमेत हजारेक वर्षं तिला फारसं कुणी हलवलं नाही. अलीकडे मात्र जमीन सरकते आहे. इव्हँजेलिकलांमधलं वजनदार नाव जॉन स्टॉट यांनी १९८८ मध्ये सांगितलं की दुष्टांचा कायमचा छळ होण्यापेक्षा अखेरचा नाश होतो, असं मानण्याकडे आपला कल आहे. त्यांच्याच लोकांना घाम फुटला. पोप दुसरे जॉन पॉल यांनी जुलै १९९९ मध्ये नरक ही जागा नसून देवापासून स्वतःला तोडून घेतलेल्याची अवस्था आहे, असं समजावलं. स्विस कॅथलिक विचारवंत हान्स उर्स फॉन बाल्थासार म्हणत की नरक आहे हे मानायलाच हवं, पण तो रिकामा असावा अशी आशा धरायला कुणाची बंदी नाही. त्यांच्या टीकाकारांना ही पळवाट वाटते. मला ती प्रार्थनेची जागा वाटते. सगळ्यांचं तारण व्हावं असं रोज देवाकडे मागायचं आणि ते होणार नाही असं ठामपणे शिकवायचं, हे दोन्ही एकाच तोंडाने जमत नाही.

बाप्तिस्मा न होता दगावलेल्या बाळांसाठी मध्ययुगाने 'लिंबो' नावाची कड काढली होती, दुःख नाही पण देवदर्शनही नाही. तो अधिकृत सिद्धांत कधीच नव्हता. २००७ मध्ये व्हॅटिकनच्या धर्मशास्त्रीय आयोगाने अशा बाळांच्या तारणाची आशा धरायला भक्कम आधार आहे, असं मांडलं. किती आयांनी तोवर किती शतकं काय सोसलं, त्याची नोंद कुठल्याच आयोगाकडे नाही.

बायबलमधल्या प्रकटीकरणाच्या पुस्तकातल्या हजार वर्षांच्या राज्यावरून तारखा काढणाऱ्यांचा इतिहास मोठा आहे, पण इथे एकच पुरे. अमेरिकेतल्या विल्यम मिलरच्या अनुयायांनी ख्रिस्त परत येणार म्हणून २२ ऑक्टोबर १८४४ ची रात्र जागून काढली आणि सकाळ नेहमीसारखी उजाडली. त्या निराशेतून सावरलेल्यांतून सेवन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथ निघाला. पुण्यातलं स्पायसर विद्यापीठ त्यांचंच. मेलेला माणूस गाढ झोपलेला असतो, कायमचा नरक नाही, हे ते आजही नेमकेपणाने शिकवतात.

विसाव्या शतकात पंडितांनी जुनी वाट पुन्हा उकरली. ऑस्कर कुलमान यांनी १९५५ मध्ये हार्वर्डच्या व्याख्यानात सॉक्रेटिसाचं मरण आणि येशूचं मरण शेजारी ठेवलं. एक शांतपणे विषाचा पेला घेतो, कारण त्याच्या लेखी आत्मा सुटतोय. दुसरा घाम गाळतो, रडतो, कारण मरण त्याच्या लेखी शत्रू आहे. अमर आत्मा ही ग्रीकांची ठेव, पुनरुत्थान ही बायबलची, असा त्यांचा निष्कर्ष. पुढे इंग्लंडच्या टॉम राइट या बिशपांनी हेच सामान्य वाचकांना सांगितलं. ही विभागणी जरा जास्तच सुबक आहे. येशूच्या काळचे पुष्कळ यहुदीही आत्मा देहावेगळा राहतो असं मानत होते. पण नगरच्या शिळांवरचं 'निजले' हे म्हाताऱ्याकोताऱ्यांचं भाबडेपण नव्हतं, एवढं त्यातून नक्की कळतं.

देहाचा हा आग्रह आज जागेच्या तुटवड्याशी येऊन भिडला आहे. रोमने १८८६ मध्ये दहनाला बंदी केली, १९६३ मध्ये ती उठवली आणि २०१६ मध्ये रक्षा विखरू नये, घरात ठेवू नये, पवित्र जागी ठेवावी, असं बजावलं. मुंबईत एका थडग्यात कायमचं राहणं आता फार थोड्यांना परवडतं. काही वर्षांनी जागा उघडतात. घरचं एखादं माणूस हजर असतं. कामगार हाडं वेचून धुतो, कापडात बांधतो आणि भिंतीतल्या नंबर घातलेल्या कोनाड्यात ठेवतो. तिथे आधीच आजीची, मोठ्या काकांची असतात. वसईत काही ठिकाणी शवपेटीही सोडली आहे, पांढऱ्या कापडात देतात, माती लवकर होते.

अशा एका वेळी मी उभा होतो. कोनाडा लहान होता, हाडं सरमिसळ झाली आणि शेजारच्या पोराने बापाला हळूच विचारलं की उठायच्या दिवशी कुणाचं कुठलं ते कसं कळणार. बापाने त्याला गप्प केलं. पोराचा प्रश्न मात्र पाचव्या शतकात ऑगस्टीनने 'देवाच्या नगरी'च्या शेवटच्या खंडात पानंच्या पानं घेऊन सोडवायला घेतलेला आहे. ज्याला जनावरांनी खाल्लं त्याचं काय, ज्याला माणसांनी खाल्लं त्याचं काय, आयुष्यभर कापलेले केस आणि नखं परत येणार का, आली तर माणूस केवढा दिसेल. मूर्तिकाराने पुतळा वितळवून नव्याने ओतला, तर धातूचा कण हरवत नाही, असं त्याचं उत्तर आहे. पण नाकाचा धातू नाकातच गेला पाहिजे असं काही नाही. कामगाराने तोवर कोनाड्याचं झाकण बसवलं आणि वरचा नंबर ओल्या फडक्याने पुसला.